‘मंडळी’ या शब्दाचे दोन अर्थ : यवतमाळ, टिळक दांपत्य आणि मराठी ख्रिस्ती समाज

१. प्रश्न आणि पद्धत

मराठी भाषेत ‘मंडळी’ हा शब्द दोन निराळ्या अर्थांनी रूढ आहे. जमलेल्या लोकांचा समुदाय, हा त्याचा सामान्य अर्थ. परंतु जुन्या पिढीतील पुरुष ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हणे तेव्हा त्याला आपली पत्नी अभिप्रेत असे. पत्नीचे नाव घ्यावयाचे नाही म्हणून ‘कुटुंब’, ‘मंडळी’ असे समूहवाचक शब्द एका व्यक्तीसाठी योजावयाचे, ही आपल्या भाषेची जुनी रीत. ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीत आल्यावर चर्च या संकल्पनेसाठी जो शब्द रुळला तोही ‘मंडळी’ हाच. अशा रीतीने घरातील स्त्री आणि उपासनेसाठी एकत्र येणारा समाज या दोहोंना मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या तोंडी एकच नाव मिळाले.

हा योगायोग केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नाही. ख्रिस्ती धर्मस्वीकाराचा महाराष्ट्रातील इतिहास पाहू गेल्यास त्यातील तीव्र झगडे नेमके या दोन ‘मंडळीं’विषयीचे आहेत असे दिसते. पहिला झगडा घराचा : पती ख्रिस्ती झाला, पत्नी झाली नाही, आता घर कोणाचे? दुसरा झगडा समाजाचा : मंडळी स्थापन झाली, परंतु तिचे वेतन, तिची इमारत आणि तिचे निर्णय परक्या मिशनच्या हाती, मग ती मंडळी कोणाची? फूट आणि ताबा, हे दोन शब्द वापरले तर या इतिहासाचा बराचसा भाग त्यांत सामावतो.

ख्रिस्ती श्रद्धेने घरातील व समाजातील फूट नाहीशी होते, असे धर्मोपदेशक म्हणतात. ती श्रद्धाच घरे फोडते, असे तिचे विरोधक म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाला यांपैकी कोणतेही विधान जसेच्या तसे उचलता येत नाही. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्याशी संबंध असलेला एक धागा हाती धरून, आणि त्या अनुषंगाने नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसाराचा पुनर्विचार करून, फूट व ताबा यांवर मात झाली असल्यास ती कोणत्या परिस्थितीत झाली, एवढे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

२. ‘बाटणे’ : घर तुटण्याची भाषा

धर्मांतराला मराठीत पूर्वी रूढ असलेला शब्द ‘बाटणे’ हा होय. त्याचा अर्थ मत बदलणे असा नाही. विटाळणे, भ्रष्ट होणे असा आहे. मनुष्य काय मानतो याच्याशी या शब्दाला कर्तव्य नाही. तो कोणाच्या हातचे पाणी प्यायला, कोणाच्या पंगतीस बसला, याच्याशी आहे. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या जोडशब्दांत समाजाची सगळी हद्द आखलेली होती, आणि ती राखण्याचे काम कुटुंबाकडे, विशेषेकरून घरातील स्त्रियांकडे होते. चूल, पाणवठा आणि सोयरीक ही तीन ठिकाणे सांभाळली की जात सांभाळली जात असे. त्यामुळे एका माणसाचा बाप्तिस्मा हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नसे. तो ज्या चुलीवरचे जेवीत होता ती चूलच प्रश्नास पात्र होई.

याचे ठळक उदाहरण १८४३ सालचे आहे. मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे राहत होता. त्याला न्यायालयाच्या हुकुमाने वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. परंतु तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. एवढ्यावरून त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्तपूर्वक त्याला परत घेण्याचा पक्ष उचलून धरला आणि त्यासाठी स्वतः निंदा सोसली. येथे मुलगा काय मानतो हे कोणी विचारले नाही. त्याचा देह कोणत्या घरात होता, एवढाच वादाचा मुद्दा होता.

सरकारनेही या प्रश्नाकडे आपल्या पद्धतीने पाहिले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क बुडू नये अशी तरतूद केली. १८६६ च्या कायद्याने याहून नाजूक गोष्ट हाती घेतली. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याला त्याच्या जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून टाकले, तर न्यायालयात अर्ज करून, न्यायालयाने त्या जोडीदाराची विचारपूस करून व एक वर्षाची मुदत देऊन, विवाह रद्द करून घेण्याची सोय त्याने केली. अर्थात घर फुटले तर ते कायद्याने फुटलेले ठरविता येईल, अशी वाट मोकळी झाली. ही वाट टिळकांनाही उपलब्ध होती, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३. आगगाडीतील भेट आणि यवतमाळ

टिळकांच्या धर्मांतराची हकिगत नाशिक, मुंबई व अहमदनगर या गावांच्या संदर्भात सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तिचा आरंभ विदर्भाच्या बाजूचा आहे. १८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामात होते. पुढे १८९३ साली नोकरीच्या शोधात नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. संभाषण काव्याविषयी व धर्माविषयी झाले. गृहस्थाने त्यांना ख्रिस्ती धर्मग्रंथाची प्रत दिली आणि तो अभ्यासण्यास सांगितले. हे गृहस्थ फ्री मेथॉडिस्ट पंथाचे मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड होत, असे टिळकांविषयीच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. वॉर्ड व त्यांची पत्नी फीबी हे दांपत्य १८८१ साली बुऱ्हाणपूर येथे येऊन राहिले होते. त्यांच्या पंथाच्या कार्याचे हिंदुस्थानातील मुख्य ठाणे पुढे यवतमाळ हे झाले.

यवतमाळ जिल्हा त्या काळी वऱ्हाडातील वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेले होते व १९०३ साली ते मध्य प्रांतास जोडले गेले. कापसाची काळी जमीन, वर्धा व पैनगंगा या नद्यांची हद्द, मराठीची वऱ्हाडी बोली, आणि तिच्या शेजारी गोंडी, कोलामी, बंजारी व तेलुगू, असा हा बहुभाषी प्रदेश. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी तो पिळून निघाला. येथील मिशनकार्य या दुष्काळांच्या छायेत वाढले. अनाथाश्रम, शाळा, आणि पुढे उमरी येथील रुग्णालय हे त्याचे दृश्य अवशेष होत.

या पंथाच्या नावाकडे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे. तो १८६० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानात बेंजामिन टायटस रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी यांनी स्थापिला. रॉबर्ट्स यांना मूळ मेथॉडिस्ट मंडळीने बहिष्कृत केले होते. वादाच्या मुद्द्यांपैकी एक असा की, देवालयातील बसण्याच्या जागा भाड्याने दिल्या जात; श्रीमंत पुढे बसत आणि गरिबाला मागे सरावे लागे. या जागा मोकळ्या असाव्यात, आणि गुलामगिरीलाही मंडळीने आश्रय देऊ नये, या आग्रहातून ‘फ्री’ हे विशेषण आले. म्हणजे पंगतीत कोण कोठे बसतो, हा आपल्याकडील प्रश्न त्यांच्याकडेही देवळाच्या बाकावर येऊन बसला होता. मराठीत मात्र हे विशेषण अनुवादित न होता ‘फ्री मेथॉडिस्ट’ असेच राहिले. शब्द आला, त्यामागील भांडणाची आठवण त्याच्याबरोबर भाषेत आली नाही. नावाचे भाषांतर झाले असते तर ‘मुक्त मंडळी’ हा शब्द येथील ख्रिस्ती माणसाने आपल्या मिशनलाही उलटून ऐकविला असता, असा तर्क करण्यास जागा आहे.

या पंथाचा आणखी एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. पंडिता रमाबाई यांची कन्या मनोरमाबाई हिचे काही शिक्षण रॉबर्ट्स यांनी न्यूयॉर्क संस्थानात नॉर्थ चिली येथे स्थापिलेल्या विद्यालयात झाले. स्त्रियांना धर्मोपदेशकाची दीक्षा द्यावी, असे प्रतिपादन रॉबर्ट्स यांनी १८९१ साली ग्रंथरूपाने केले. त्यांच्या पंथाने मात्र ते पूर्णांशाने मान्य करण्यास १९७४ साल उजाडले. ज्या पंथाचे नाव ‘मुक्त’ त्यालाही आपल्या घरातील स्त्रीविषयी निर्णय घेण्यास ८० वर्षांहून अधिक काळ लागला, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील प्रसंगाचे मोल नीट कळते.

४. दोन चुली

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्यांनी आधी विश्वासात घेतलेले नव्हते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा; लग्न वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास झालेले. त्यांचे माहेर नाशिकजवळील जलालपूरचे. आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फाशी गेले. त्या आघातानंतर वडिलांचे सोवळे इतके कडक झाले की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे, मग ते मीठ का असेना. ज्या मुलीचे बालपण असल्या घरात गेले तिच्या नवऱ्याने अकस्मात ख्रिस्ती व्हावे, या प्रसंगाची दारुणता आज शब्दांनी सांगणे कठीण आहे. सुदैवाने ती सांगण्याचे काम त्यांनी स्वतःच केले. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन मराठी गद्याचा अमूल्य ठेवा आहे.

धर्मांतरापूर्वीचा हा संसार समतेचा नव्हता हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. टिळक बुद्धिमान व उदार, परंतु संतापी आणि लहरी. मनात आले की घर सोडून निघून जावे. पत्नीने कोठे, कोणाकडे राहावे, याची विवंचना इतरांनी करावी. बाप्तिस्म्याचा निर्णयही याच वळणाचा होता. तो श्रद्धेचा निर्णय होता हे खरे; पण घरापुरता तो ताब्याच्या जुन्या सवयीतूनच घेतला गेला होता. नव्या धर्माने नवरा बदलला असे म्हणावयाचे, तर बाप्तिस्म्याच्या दिवशी तो बदललेला नव्हता.

त्यानंतर सुमारे पाच वर्षे ही दोन माणसे दोन धर्मांत होती. लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांनी बराच काळ पंढरपूर आदी ठिकाणी नातलगांच्या आधाराने काढला. या काळातील टिळकांच्या आचरणात दोन गोष्टी नोंदण्याजोग्या आहेत. एक, १८६६ च्या कायद्याचा आश्रय घेऊन त्यांनी संबंध तोडला नाही व दुसरा विवाह केला नाही. दुसरी, पत्नी पुढे नगरास येऊन राहिली तेव्हा तिने आपले सोवळे, आपले पाणी आणि आपली चूल निराळी ठेवावी हे त्यांनी मान्य केले. त्या काळच्या दृष्टीने हे विलक्षण होते. हिंदू समाजाच्या लेखी असे घर भ्रष्ट. उत्साही धर्मोपदेशकाच्या लेखी असे घर अपुरे. ज्याच्या हाती पतीचा अधिकार होता, आणि ज्याच्या मागे कायदा व मिशन दोन्ही उभे होते, त्याने तो अधिकार वापरला नाही, हीच या प्रकरणातील निर्णायक घटना आहे.

यानंतर जे घडले ते लक्ष्मीबाईंच्या मनात घडले, आणि त्याचा क्रम अभ्यासकाने उलटा करू नये. त्यांचा जातिभेद आधी गेला. ख्रिस्तावरील श्रद्धा मागाहून आली. उच्चनीच हा भेद ईश्वराने केला की मनुष्याने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी विचार केला. तो मनुष्याने केला, असे एकदा ठरल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. हे बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दोन चुली आधीच एक झाल्या होत्या. ‘बाटणे’ या शब्दात ज्या क्रमाने गोष्टी घडतात, म्हणजे आधी देह विटाळतो व मग मनुष्य बाहेर पडतो, त्याच्या अगदी विरुद्ध असा हा क्रम आहे. येथे मन आधी ठरले, देहाने ते मागाहून पाळले. आणि ठरविणारे मन पतीचे नसून पत्नीचे होते.

पुढे प्लेगच्या दिवसांत रोग्यांची सेवा, घरात आणलेली पोरकी मुले, दारिद्र्य व तरीही येणाराजाणारा चालूच, असे त्यांचे घर राहिले. टिळकांचा संताप गेला नाही, आणि लक्ष्मीबाईंची जीभही बोथट झाली नाही. ‘स्मृतिचित्रे’ मधील विनोद हाच याचा पुरावा आहे. धाकात राहणाऱ्या स्त्रीला नवऱ्याविषयी असे हसता येत नाही. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले व ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. ज्यांना एके काळी एका चुलीवर जेवता आले नाही त्यांचे नाव एका काव्यावर आले.

५. वाटून घेतलेला मुलूख

आता दुसऱ्या ‘मंडळी’कडे वळू. घरात जो प्रश्न पती व पत्नी यांच्यात होता, तोच समाजात मिशन आणि मंडळी यांच्यात होता.

निरनिराळ्या देशांतील व पंथांतील मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात ढवळाढवळ करू नये म्हणून मुलूख आपापसांत वाटून घेण्याचा संकेत पाळला. नागपुरात १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून सुरू झालेले स्कॉटिश मिशन. अकोला-अमरावती व खानदेश या बाजूस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. मेळघाटात कोरकूंसाठीचे मिशन. यवतमाळला फ्री मेथॉडिस्ट. अहमदनगर-साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन. भांडण टाळण्याचा हा मार्ग व्यवहार्य होता. परंतु त्याचा एक परिणाम असा की, मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या जिल्ह्यावरून ठरू लागला. यवतमाळचा शेतमजूर फ्री मेथॉडिस्ट झाला आणि शेजारच्या जिल्ह्यातील त्याचा आप्त दुसऱ्या पंथाचा झाला, याचे कारण दोघांच्या श्रद्धेत नव्हते. ते अमेरिकेतील व स्कॉटलंडातील जुन्या वादांत होते, ज्यांची नावेदेखील या दोघांच्या भाषेत अनुवादिली गेली नव्हती. जातीने जी फूट घातली होती तीवर दुसरी एक फूट अशी येऊन बसली.

ताब्याचे स्वरूपही असेच होते. शिक्षक, उपदेशक व पाळक यांचे वेतन मिशनकडून येई. घरे मिशनच्या आवारात असत. कोणास कोठे पाठवावे याचा निर्णय मिशनच्या बैठकीत होई. दुष्काळात आश्रयास आलेल्या मुलांची तर जात, गाव आणि नातलग सर्वच तुटलेले. त्यांना मिशन हेच मायबाप. ‘मायबाप’ हा शब्द मराठीत सरकारला उद्देशूनही वापरला जात असे, हे येथे आठवावे. ज्यावर आपण पूर्णपणे अवलंबून आहोत त्याला आईबापांचे नाव द्यावयाचे, ही दुबळ्याची भाषा आहे. या मुलांचे प्राण मिशनने वाचविले हे निर्विवाद. पण प्राण वाचविणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मनुष्याला ‘मंडळी माझी’ असे म्हणण्यास फार वेळ लागतो.

टिळकांची तडफड या परिस्थितीविरुद्ध होती. १९०४ मध्ये ते दीक्षित धर्मोपदेशक झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक झाले, मिशनमध्ये त्यांना मान होता. परंतु ख्रिस्त हिंदी मनुष्यापर्यंत परकीय वेषात पोहोचतो, आणि हिंदी ख्रिस्ती मनुष्य पगारी नोकर होऊन राहतो, ही खंत त्यांना शांत बसू देईना. मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी, भजन व कीर्तन यांना जे स्थान मिळाले त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व वेतन सोडले, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या संस्थेची कल्पना मांडली. तिचे वैशिष्ट्य असे की, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तिच्यात जागा होती.

‘दरबार’ हा शब्द टिळकांनी का निवडला असावा? तो फारसीतून आलेला, मराठेशाहीत मुरलेला आहे. त्यात पंथाचे नाव नाही, मिशनचे नाव नाही, मुलखाची हद्द नाही. दरबारात सर्व रयत एका धन्यापुढे उभी असते, म्हणून मधले मालक गळून पडतात. आणि बाप्तिस्मा न झालेल्यांना त्यात स्थान देण्याची कल्पना कोठून आली असावी? याला कागदोपत्री पुरावा देता येत नसला तरी प्रस्तुत लेखकास असे वाटते की, तिचे मूळ घरातच शोधावे. १९०० पूर्वीच्या वर्षांत टिळकांच्या घरात एक व्यक्ती अशी होती जिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि तरीही ती त्या घराची होती. दोन चुलींचे ते घर हाच ‘दरबारा’चा पहिला नमुना होय. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले. संस्था त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही. प्रश्न मात्र टिकून राहिला.

६. यवतमाळ ते नागपूर

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला दोन दिशांनी उत्तर देण्याचा यत्न झाला, आणि दोन्हींची स्थळे विदर्भात आहेत.

पहिले स्थळ यवतमाळ. १९५३ साली तेथे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था उभी राहिली. निरनिराळ्या पंथांनी आपापले उपदेशक एकाच ठिकाणी शिकवावेत, हा तिचा हेतू. जो जिल्हा एका पंथाच्या वाट्यास आलेला, त्याच्याच मुख्य गावी अनेक पंथांचे व अनेक प्रांतांचे विद्यार्थी एका भोजनगृहात जेवू लागले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु याची किंमत भाषेने दिली. सर्व प्रांतांच्या विद्यार्थ्यांना सामाईक भाषा इंग्रजी. आणि १९८३ साली संस्था पुण्यास हलली. पंथांची भिंत उतरली, पण ज्या वऱ्हाडी खेड्यांच्या मध्यभागी ती उभी होती त्यांच्याशी तिचा संवाद किती झाला, हा प्रश्न उरतोच.

दुसरे स्थळ नागपूर. १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींचे फळ म्हणून २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे उत्तर भारत मंडळी स्थापन झाली. सहा निरनिराळ्या मंडळ्या आपली स्वतंत्र नावे, स्वतंत्र अधिकार आणि काही अंशी स्वतंत्र परंपरा सोडून तिच्यात विलीन झाल्या. टिळकांचे अमेरिकन मराठी मिशन ज्या संयुक्त मंडळीत १९२४ च्या सुमारास समाविष्ट झाले होते ती या सहांपैकी एक होती. यवतमाळची फ्री मेथॉडिस्ट मंडळी या संघात आली नाही. यातील मुद्दा कोण बरोबर हा नाही. मुद्दा असा की, हे ऐक्य घडले ते कोणी एकाने दुसऱ्यास आपल्यात ओढले म्हणून नव्हे. बिशपांच्या अधिकारावर भर देणाऱ्यांनी आणि स्थानिक मंडळीच्या स्वातंत्र्यावर भर देणाऱ्यांनी, दोघांनीही, आपल्या हक्कातला काही भाग सोडला म्हणून घडले. नगरच्या घरातील दोन चुलींचे सूत्र येथे मोठ्या प्रमाणावर पुन्हा दिसते.

७. मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून एक सुखद निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मराठी ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य लोक अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले आहेत. टिळक दांपत्याला जात सोडता आली, कारण सोडण्यासारखे काही त्यांच्याजवळ होते. ज्याच्यावर जात लादली गेली त्याला ती एकतर्फी सोडता येत नाही; सोडणारा समोरचा असावा लागतो. एका पेल्यातून प्रसाद घेणे मंडळीत शक्य झाले, परंतु सोयरीक जुळविताना मूळ जातीचा विचार पुष्कळ काळ टिकला. रोटीव्यवहाराची हद्द ओलांडली गेली, बेटीव्यवहाराची पुरती ओलांडली गेली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीचे परखड परीक्षण केले होते. धर्मांतरानंतरही जात शिल्लक राहते, आणि अन्यायाविरुद्ध संघटितपणे उभे राहण्याची वृत्ती त्यांच्यात दिसत नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीचे नागपूरचे धर्मांतर यांनी विदर्भातील लाखो लोकांना निराळी वाट दाखविली. यवतमाळच्या खेड्यापाड्यांत मुक्तीचा शब्द यानंतर प्रामुख्याने ‘बुद्ध’ हा झाला. ‘मंडळी’ हा नव्हे. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती आरंभी हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा झालेला नाही. गावकऱ्यांच्या लेखी जात आहे, शासनाच्या लेखी नाही, अशा स्थितीत हा समाज उभा आहे. श्रद्धेने फूट मिटते असे म्हणणाऱ्याने या वस्तुस्थितीला उत्तर दिले पाहिजे.

८. समारोप

तेव्हा मूळ प्रश्नाला उत्तर काय? ख्रिस्ती धर्मस्वीकाराने फूट आपोआप मिटली, असे पुरावा सांगत नाही. टिळकांच्या घरात तिने प्रथम फूटच घातली. समाजात तिने पंथांची नवी वाटणी आणली आणि मिशनचा नवा ताबा आणला. परंतु ही फूट जेथे जेथे भरून आली, तेथे एक गोष्ट समान आढळते. अधिकार ज्याच्या हाती होता त्याने तो आपण होऊन खाली ठेवला. टिळकांनी पतीचा अधिकार ठेवला, तेव्हा लक्ष्मीबाईंना स्वतः विचार करण्यास अवसर मिळाला. मिशनचे वेतन त्यांनी सोडले, तेव्हा बाप्तिस्मा न झालेल्यांनाही जवळ घेणारी संस्था त्यांना कल्पिता आली. नागपुरास सहा मंडळ्यांनी आपापले स्वातंत्र्य थोडेथोडे सोडले, तेव्हा एक मंडळी झाली. जेथे कोणी काही सोडले नाही, विशेषतः जातीच्या बाबतीत, तेथे बाप्तिस्मा होऊनही फूट जशीच्या तशी राहिली. ख्रिस्ती उपदेशाच्या केंद्रस्थानी आत्मरिक्ततेची कल्पना आहे. त्या कल्पनेचे ऐतिहासिक मोल तिच्या उच्चारावरून न मोजता अशा प्रसंगांवरून मोजावे लागेल.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने पुढील संशोधनाची दिशाही येथेच सुचते. दुष्काळात आश्रयास आलेल्या मुलामुलींच्या पुढील पिढ्या तेथे आहेत. त्यांच्या घरांतील जुन्या स्त्रियांच्या तोंडी नात्यांचे, उपासनेचे आणि भांडणांचे शब्द आहेत. ‘मंडळी’ हा शब्द त्या कोणत्या अर्थाने वापरतात? घराविषयी बोलताना, की देवळाविषयी, की दोहोंविषयी? त्या ‘मंडळी आमची’ म्हणतात, की ‘मंडळी मिशनची’? हे प्रश्न दप्तरखान्यात सुटणार नाहीत. त्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांनी खेड्यांत जाऊन, वऱ्हाडी ऐकत, त्या ओसरीवर बसले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी आपली हकिगत लिहून ठेवली म्हणून एका घराचा इतिहास आपल्याला कळला. बाकीच्या घरांचा अद्याप बोलण्यातच आहे, आणि तो बोलणारी माणसे वृद्ध झाली आहेत.